राज्यसभेची घडण

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील दोन शेजारची गावे. पेणहून निघालेली आगगाडी कासू आणि नागोठणे ही स्थानके मागे टाकून रोह्यास पोहोचते. पेणचे नाव निघाले की गणपतीच्या सुबक मूर्ती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. रोह्याचे नाव निघाले की कुंडलिकेचे पात्र आठवते. सन २०२४ मध्ये या दोन तालुक्यांच्या बाबतीत एक मौजेचा योग जुळून आला. रोहे तालुक्यातील सुतारवाडीचे श्री. सुनील तटकरे हे त्या वर्षी जून महिन्यात लोकसभेवर निवडून आले आणि ऑगस्ट महिन्यात पेणचे श्री. धैर्यशील पाटील हे राज्यसभेवर निवडून आले. संसद एकच, पण एक शेजारी तिच्या एका सभागृहात गेला, तर दुसरा दुसऱ्या सभागृहात.

त्यानंतर काही दिवसांनी मी पेणमधील एका शाळेत गेलो होतो. सातवीच्या वर्गातील एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, लोकसभेच्या वेळी आमच्या घरातील सगळ्यांनी मत दिले. आईच्या बोटाला शाई लागलेली मी पाहिली. पण राज्यसभेसाठी आमच्याकडे कोणीच मत दिले नाही. मग आमच्या गावच्या माणसाला तेथे कोणी निवडले?"

प्रश्न लहान होता, पण मोठ्यांनाही विचारात पाडील असा होता. त्याचे उत्तर आज आपण पाहू.

आपल्या संसदेची दोन सभागृहे आहेत. लोकसभा हे लोकांचे सभागृह. अठरा वर्षे पुरी झालेला प्रत्येक नागरिक तिच्या निवडणुकीत मत देतो. राज्यसभा हे राज्यांचे सभागृह. त्यास वरिष्ठ सभागृह असेही म्हणतात. येथे आपण स्वतः मत देत नाही. आपण विधानसभेवर आमदार निवडून पाठवतो आणि ते आमदार आपल्या वतीने राज्यसभेचे सदस्य निवडतात. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून येतात. तेच आपल्या राज्यातील राज्यसभेचे मतदार होत. म्हणून त्या मुलाला मी सांगितले, "बाळ, तुझ्या आईने आमदारासाठी मत दिले ना? त्याच मताचा एक धागा राज्यसभेपर्यंत गेलेला आहे."

राज्यसभेची सदस्यसंख्या २५० हून अधिक असू शकत नाही, असे राज्यघटनेने ठरवून दिले आहे. प्रत्यक्षात तिच्या जागा २४५ आहेत. त्यांपैकी २३३ सदस्य राज्यांतून आणि काही केंद्रशासित प्रदेशांतून निवडून येतात. कोणत्या राज्याला किती जागा, हे मुख्यतः लोकसंख्येवरून ठरले आहे. उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, तर गोव्याला १ जागा आहे.

उरलेल्या १२ सदस्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांत ज्यांनी मोठे कार्य केले, अशा व्यक्तींसाठी या जागा राखलेल्या आहेत. विद्वान मनुष्य निवडणुकीच्या धामधुमीत उतरेलच असे नाही. पण त्याच्या ज्ञानाचा लाभ देशाला व्हावा, हा यामागील हेतू होय. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे कोकणचे सुपुत्र महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे असेच नियुक्त सदस्य होते. पुढे १९६३ साली ते भारतरत्न झाले. गानसम्राज्ञी लता मंगेशकर यांनाही १९९९ साली हा मान मिळाला.

आता राज्यसभेचे खरे वैशिष्ट्य पाहू. लोकसभा पाच वर्षांनी विसर्जित होते आणि नवी लोकसभा निवडली जाते. राज्यसभा मात्र कधीच विसर्जित होत नाही. सदस्य बदलतात, सभागृह चालूच राहते. हे कसे घडते?

पेण तालुक्यातील खाडीकाठच्या मुलांना खारबांध ठाऊक असेल. भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून हा बांध घातलेला असतो. बांध जुना झाला म्हणून कोणी तो सगळाच्या सगळा एका दिवसात उकरून टाकीत नाही. तसे केले, तर पहिल्याच भरतीला शेती बुडेल. शहाणा शेतकरी आज एक तुकडा नवा करतो आणि बाकीचा बांध तोवर पाणी अडवून धरतो. पुढे दुसरा तुकडा, मग तिसरा. अशा रीतीने काही काळाने बांध सगळा नवा होतो. पण तो एक दिवसही मोडलेला नसतो.

राज्यसभेची घडण अशीच आहे. तिच्या प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. ही राज्यसभा ३ एप्रिल १९५२ रोजी अस्तित्वात आली व तिची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली. त्या वेळी सगळेच सदस्य नवे. मग दोन वर्षांनी निवृत्त कोणी व्हावे? यासाठी पहिल्या सदस्यांचे तीन गट चिठ्ठ्या टाकून करण्यात आले. एका गटाला दोन वर्षे, दुसऱ्याला चार आणि तिसऱ्याला पुरी सहा वर्षे मिळाली. तेव्हापासून हे चक्र अखंड फिरत आहे. अमेरिकेच्या सेनेटमध्येही दर दोन वर्षांनी एकतृतीयांश जागांची निवडणूक होते.

महाराष्ट्राच्या १९ जागांचा हिशेब तुम्ही स्वतः मांडून पाहा. २०२० साली ७, २०२२ साली ६ आणि २०२४ च्या आरंभी ६ सदस्य पुऱ्या मुदतीसाठी निवडले गेले. सात, सहा आणि सहा मिळून एकोणीस! पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात नवी विधानसभा निवडून आली. आमदार बदलले, पक्षांचे बळही बदलले. पण आधीच्या विधानसभेने पाठवलेले राज्यसभेचे सदस्य आपापल्या जागी राहिले. म्हणून राज्यसभेकडे पाहिले असता एकाच वर्षाचा कौल दिसत नाही. निरनिराळ्या वर्षांचे कौल तेथे शेजारी शेजारी बसलेले असतात.

मग पेणच्या श्री. पाटलांची निवड ऑगस्ट महिन्यात कशी झाली? २०२० साली निवडून आलेले श्री. उदयनराजे भोसले २०२४ मध्ये साताऱ्याहून लोकसभेवर गेले. एका माणसास दोन्ही सभागृहांत बसता येत नाही. म्हणून त्यांची जागा रिकामी झाली आणि ती भरण्यासाठी पोटनिवडणूक घेण्यात आली. उमेदवार एकच उरल्याने आमदारांना मत देण्याची वेळच आली नाही. निवड बिनविरोध झाली. पण अशा सदस्याला नवी सहा वर्षे मिळत नाहीत. जागेची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच त्याच्या वाट्याला येते. या जागेची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच होती. बांधाच्या एखाद्या तुकड्याला मध्येच खांड पडले, तर ते तेवढ्यापुरते बुजवतात. त्या तुकड्याच्या डागडुजीची पाळी मात्र ठरल्या वेळीच येते. तसाच हा प्रकार.

ज्या वेळी जागांपेक्षा उमेदवार अधिक असतात, त्या वेळी मतमोजणी कशी होते हेही समजून घेण्याजोगे आहे. लोकसभेच्या निवडणुकीत ज्याला सर्वांत अधिक मते, तो विजयी. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार आपल्या मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रम लिहितो. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला मताची गरज उरली नाही, तर ते मत वाया न जाता दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते.

विजयासाठी किती मते हवीत? जागा सहा असतील, तर एकूण मतांच्या सातव्या हिश्शाहून अधिक. कारण सातव्या हिश्शाहून अधिक मते एकाच वेळी सहाजणांनाच मिळू शकतात. सातव्याला ती मिळणे शक्यच नाही. हिशेब बारकाईने करता यावा म्हणून प्रत्येक मताची किंमत १०० धरतात.

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते. २८४ मते वैध ठरली. म्हणजे एकूण किंमत २८,४०० झाली. तिला सातांनी भागून येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवला की ४,०५८ ही विजयाची किंमत येते. पहिल्या पसंतीची मते अशी पडली : श्री. पीयूष गोयल ४८, श्री. अनिल बोंडे ४८, श्री. इम्रान प्रतापगढी ४४, श्री. प्रफुल्ल पटेल ४३, श्री. संजय राऊत ४१, श्री. संजय पवार ३३ आणि श्री. धनंजय महाडिक २७. पहिले पाच लगेच विजयी झाले. उरली एक जागा.

तुम्ही म्हणाल, "३३ मते २७ पेक्षा अधिक, तेव्हा श्री. पवार विजयी!" पण तसे झाले नाही. पहिल्या दोन उमेदवारांच्या मतांची किंमत प्रत्येकी ४,८०० होती. त्यांना ४,०५८ पुरे होती. म्हणजे प्रत्येकाकडे ७४२ अधिक राहिली. दोघांची मिळून ही अधिक किंमत १,४८४ झाली. त्यांना मत देणाऱ्या आमदारांची दुसरी पसंती श्री. महाडिक यांना असल्याने तिच्यातील बहुतेक त्यांच्या २,७०० मध्ये मिळाली आणि त्यांनी विजयाची रेषा ओलांडली. दुसऱ्या बाजूला उरलेल्या तिघा विजयी उमेदवारांची अधिक किंमत ३४२, २४२ आणि ४२, म्हणजे अवघी ६२६ होती. ती सगळी श्री. पवारांना मिळाली असती, तरी त्यांची बेरीज ३,९२६ वरच थांबली असती. निकालाअंती त्या सहा जागांपैकी भारतीय जनता पक्षास तीन, तर शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस यांना प्रत्येकी एक जागा मिळाली. या रीतीत एकच मोठा पक्ष सगळ्या जागा सहसा घेऊ शकत नाही. ज्याचे जेवढे बळ, तेवढा त्याचा वाटा, असा तिचा रोख असतो.

या सभागृहाने एका थोर पुरुषासही आपले दार उघडले होते. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले. ज्यांनी आपल्या जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह केला आणि पुढे राज्यघटना घडवण्यात प्रमुख भाग घेतला, त्यांचा आवाज संसदेत उमटला नसता, तर ती देशाची हानी झाली असती. त्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर निवडून आले आणि १९५६ साली मृत्यू येईपर्यंत तिचे सदस्य राहिले.

आता शेवटचा प्रश्न. एक लोकसभा पुरेशी नव्हती काय? पैशाच्या बाबतीत घटनेने लोकसभेलाच अखेरचा अधिकार दिला आहे. धनविधेयक राज्यसभेला चौदा दिवसांच्या आत परत पाठवावे लागते; तिच्या सूचना मानणे वा न मानणे लोकसभेच्या हाती असते. पण घटनेत बदल करावयाचा असेल, तर दोन्ही सभागृहांची संमती हवी. उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी निदान दोनतृतीयांश सदस्यांनी दोन्हीकडे होकार दिला पाहिजे.

१९७० साली माजी संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठी घटनादुरुस्तीचे विधेयक आले. आपल्या जिल्ह्यातील जंजिरा हेही एकेकाळी संस्थानच होते. लोकसभेने विधेयक मंजूर केले. सप्टेंबरच्या ५ तारखेला राज्यसभेत मतदान झाले. बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. एकूण मते २२४. त्यांचे दोनतृतीयांश काढा. उत्तर १४९ पूर्णांक एकतृतीयांश येईल. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने ते विधेयक फेटाळले गेले! पुढे १९७१ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली, लोकांनी कौल दिला आणि त्याच वर्षी दोन्ही सभागृहांच्या संमतीने तनखे बंद झाले. राज्यसभेने लोकांची इच्छा कायमची अडवून धरली नाही. पण एवढा मोठा बदल पुनः एकदा लोकांसमोर जाऊन आल्यावरच झाला. काहींना हा विलंब अन्यायाचा वाटला, काहींना शहाणपणाचा. दोन्ही मते मांडता येतात, हीच लोकशाहीची शोभा आहे.

खारबांध पाणी अडवतो, पण त्याला उघाडीही असते. शेतातले जादा पाणी तिच्यातून ओहोटीच्या वेळी बाहेर जाते. नुसता बांध असेल, तर शेत कुजेल; बांधच नसेल, तर ते बुडेल. राज्यसभेनेही अडवावे कोठे आणि वाट द्यावी कोठे, याचा विवेक राखावा लागतो. हा विवेक कायद्याच्या कलमांतून येत नाही. तो सदस्यांच्या अंगी असावा लागतो. ते सदस्य आमदार निवडतात आणि आमदार आपण निवडतो.

मुलांनो, आणखी पाच-सात वर्षांनी तुमच्या बोटालाही शाई लागेल. विधानसभेसाठी मत देताना, हा मनुष्य आपल्या गावचा रस्ता करील काय, एवढेच पाहू नका. आपल्या वतीने तो पुढे कोणाला निवडील, याचाही विचार करा. आपले एक मत दोन ठिकाणी काम करते, हे ज्याने ओळखले, तोच खरा जाणता नागरिक होय.