ठराव सभेत, किंमत माजघरात

१८७३ साली महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे होते. पहिल्या पत्नीचं नुकतंच निधन झालं होतं आणि विधवाविवाहाचा उघड पुरस्कार करणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव पुढे होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचं लग्न एका अकरा वर्षांच्या कुमारिकेशी झालं. सुधारणेच्या इतिहासात हा प्रसंग दोन ओळींत उरकतो. वडिलांच्या आग्रहापुढे रानडे नमले, एवढंच सांगितलं जातं. टीकाकार त्यावरून त्यांना कचखाऊ ठरवतात, चाहते पितृभक्त म्हणतात, आणि मग दोघेही पुढच्या परिषदेकडे वळतात. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे पाहायचं तर तिनेच, म्हणजे रमाबाई रानडे यांनी, १९१० साली प्रसिद्ध केलेलं आठवणींचं पुस्तक उघडावं लागतं. मराठीत अशी पुस्तकं बरीच आहेत, आणि ‘बायकांच्या संसाराच्या आठवणी’ म्हणून ती निवांत दुपारी वाचण्यासाठी बाजूला ठेवली जातात. महाराष्ट्रातला समाज गेल्या दीडशे वर्षांत कसा बदलला हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने सुरुवातच या पुस्तकांपासून करावी आणि सभांचे वृत्तांत नंतर वाचावेत, असं माझं मत आहे.

रमाबाईंचंच घर घ्या. लग्नानंतर लगेचच रानड्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाला हे एक वाक्य पुरेसं वाटतं. पण धडा संपल्यावर त्या मुलीला घरातल्या बायकांमध्येच उठायचं-बसायचं होतं. तिथे टोमणे होते, अबोला होता, आणि इंग्रजी शिकणारी सून म्हणजे बाटण्याच्या वाटेवरची सून अशी खात्री होती. मुलींच्या हायस्कूलची मागणी मांडण्यासाठी रमाबाईंनी इंग्रजीत भाषण वाचलं, त्याचं बाहेर कौतुक झालं आणि घरी उट्टं निघालं. हे सगळं नवऱ्याच्या कानावर घालायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे ज्या सुधारणेचे रानडे पुरस्कर्ते होते, तिचा रोजचा हप्ता त्यांच्याच घरात त्यांच्या नकळत कुणी तरी दुसरंच भरत होतं. विरोध करणाऱ्यांत रानड्यांची बहीणही होती, आणि ती स्वतः विधवा होती. जिच्या नावाने चळवळ चालली होती तीच चळवळीच्या विरोधात का उभी राहावी, हा प्रश्न त्या काळच्या कुठल्याही ठरावातून सुचणार नाही. घरातल्या विधवेला मान मिळायचा तो सोवळ्याओवळ्याच्या आणि रीतीभातीच्या रखवालीतून. ती रखवालीच निरुपयोगी ठरवणाऱ्या नव्या सुनेकडे तिने प्रेमाने बघावं, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हीच गोष्ट फार मोठ्या पटावर दिसते. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक विनोदासाठी वाखाणलं जातं. तो विनोद आहेच, आणि अस्सल आहे. पण त्यातला युक्तिवाद लोकांच्या नजरेतून सुटतो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या ज्या घरात लक्ष्मीबाई वाढल्या, तिथे वडिलांचं सोवळं वेडाच्या थराला गेलेलं होतं. बाहेरून येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे, आणि या धुण्यापुसण्यात घरातल्या बायकांचा जन्म चालला होता. अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांना दिली गेली, आणि १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. धर्मांतराचा निर्णय त्यांचा होता. त्याचे परिणाम मात्र लक्ष्मीबाईंच्या पदरात पडले: नवरा जिवंत असून दुरावलेला, लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहायचं, लोकांच्या कुजबुजीला तोंड द्यायचं. पुढे नगरकडे नवऱ्याच्या जवळ राहायला आल्यावरही काही काळ त्यांनी आपलं सोवळं आणि आपलं पाणी वेगळं ठेवलं. मग एकदा त्या स्वतःशीच विचार करत बसल्या, जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे या निष्कर्षाला आल्या, आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. टिळकांची प्रवचनं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली होती. बदल घडला तो मात्र पाण्याच्या भांड्यापाशी, स्वतःच्या बुद्धीने. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या विचारानंतर. विचार आधी बदलतो आणि आचार मागून येतो, असं आपण समजून चालतो. इथे विचार आणि आचार एकमेकांना कसे ढकलत नेतात, ते पायरी-पायरीने दिसतं. असा दस्तऐवज मराठीत दुसरा सापडणं कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचे अभ्यासक घेतात, आणि तो रास्त आहे. या आठवणी फार उशिरा लिहिलेल्या आहेत. लक्ष्मीबाई पन्नासेक वर्षांमागचं सांगतात. रमाबाईंनी रानड्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी पुस्तक काढलं, आणि त्यातला नवरा माणूस कमी, देव जास्त आहे. अशा साक्षीवर विसंबायचं कसं? तारीख-वारासाठी विसंबू नये, हे मान्यच. त्यासाठी वर्तमानपत्रं आहेत. पण साक्षीदार ज्या गोष्टीचं महत्त्व वाढवायला बसलेला नाही, ती गोष्ट त्याच्या तोंडून आली तर तिला वजन असतं. रमाबाईंना सांगायची होती रानड्यांची थोरवी. सासरचा छळ त्या ओघात येऊन गेला, आणि म्हणूनच तो खरा मानावा. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधलं १८९० सालचं चहापान हे आणखी एक उदाहरण. चहा कुणाकुणासमोर आला, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, कसा झाला, हे सगळं छापील कागदांत सापडतं. रानड्यांसारख्या माणसाने पुढे प्रायश्चित्त का घेतलं, याचं उत्तर मात्र घरांमध्ये शोधावं लागतं. बहिष्कार पडलेल्या माणसाच्या घरी कार्याला भटजी मिळत नाही, आचारी मिळत नाही, लेकीबाळींचं माहेरी येणं अवघड होतं. मित्रांच्या कुटुंबांची ही कोंडी रानड्यांना मोडायची होती, असं रमाबाईंच्या लिहिण्यावरून दिसतं. रानड्यांच्या त्या निर्णयाला तत्त्वच्युती म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचून मग हवं ते म्हणावं. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचं ‘माझे पुराण’ (१९४४) तर भक्तीचा आक्षेप जवळपास निकालातच काढतं. १८९३ साली विधवा असून कर्व्यांशी लग्न केलेल्या या बाईंना नवऱ्याबद्दल आदर आहे, पण कर्व्यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेच्या पायी घर कसं ओढत न्यावं लागलं, हे सांगताना त्या भीड बाळगत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ही सगळी उच्चवर्णीय आणि थोरामोठ्यांच्या बायकांची पुस्तकं. त्यांवरून महाराष्ट्राचं काय कळणार? पहिल्या पन्नास वर्षांपुरतं हे खरंच आहे, आणि ही उणीव कुठल्याही युक्तिवादाने भरून निघत नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलित स्त्रिया लिहित्या झाल्या तेव्हा या प्रकाराची ताकद उलट वाढली. फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपल्या छोट्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहिलं, आणि ते लिखाण घरच्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. त्यात बाबासाहेबांच्या हाकेने पेटून उठलेला महारवाडा आहे, आणि त्याच वाड्यात सुनेला उपाशी ठेवणारी सासू व बायकोला मारणारा नवराही आहे. बाहेर समतेसाठी लढणारा समाज दाराच्या आत काय करतो, ही नोंद चळवळीच्या कागदपत्रांत येण्याजोगी नव्हती. चळवळीवर जीव असलेल्या बाईनेच ती करायला हवी होती. रानड्यांच्या पुण्यापासून हे जग फार लांब आहे. तरी बेबीताई आणि रमाबाई शेजारी ठेवून वाचल्या की दोघींच्या सासवांची ओळख पटते.

उरतो तो सभ्यतेचा मुद्दा: घरातलं घरात राहावं, चारचौघांत मांडू नये. १९९० साली सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा अनेक वाचकांना हेच वाटलं. त्यांचे पती आणि अवघ्या महाराष्ट्राचे लाडके लेखक पु. ल. देशपांडे यांच्या घरातली कामाची वाटणी आणि त्यातली खंत अशी बाहेर का काढावी, अशी त्यांची तक्रार होती. ती समजण्याजोगी आहे. कुणाला आपल्या आवडत्या माणसाचं असं दर्शन आवडेल? पण अशा पुस्तकांत कुणाची फजिती करण्याचा रस क्वचितच असतो; सुनीताबाई तर स्वतःलाही मोकळं सोडत नाहीत. शिवाय ज्यांच्या कामाची नोंद घ्यायला सभेत कुणी कारकून बसलेला नव्हता, त्यांनी ती स्वतः ठेवली तर तक्रार नेमकी कशाबद्दल आहे? एखाद्या सुधारकाचं चरित्र लिहिताना त्याची भाषणं छापतात, पत्रव्यवहार छापतात, खर्चाच्या वह्याही छापतात. ते सगळं सार्वजनिक मानायचं आणि त्याच माणसाच्या घरी सकाळी पाणी कोण भरत होतं एवढंच खाजगी ठरवायचं, याला सभ्यतेपेक्षा सोय जास्त कारणीभूत आहे.