गंजाचं काळं

चामड्याची पर्स घरी शिवायची ठरवली, तेव्हा ती बदामी होणार होती. काळी झाली ती माझ्या लोखंडी पट्टीमुळे.

गडचिरोलीत चपलांची दुकानं पुष्कळ, पण कातडं फुटावर विकणारं एकही मला सापडलं नाही. शेवटी कोल्हापूरहून मागवलं: म्हशीचं, दोन मिलिमीटर जाड, साडेचार चौरस फूट. पार्सल उघडलं आणि खोलीभर तुरट वास पसरला. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून हे कातडं कमावतात. हिरडा तर आमच्या जंगलातला, पोत्यांत भरून बाहेरगावी जाणारा. माझ्याकडे तो कातड्यात मुरून आला होता.

समोर फोटो होता पॅरिसच्या एर्मेसच्या पर्सचा. ही कंपनी 1837 मध्ये घोड्यांचे साज बनवण्यासाठी निघाली. साजाची दोन सुयांची शिवण तिनं पर्सलाही ठेवली. जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी कंपनीनं बनवलेली पहिली 'बर्किन' पर्स जुलै 2025 मध्ये लिलावात 86 लाख युरोंना गेली. माझं बजेट त्यातल्या बक्कलाइतकंही नव्हतं.

पुठ्ठ्याचे नमुने कापले. तळाचा भाग वाकवायला कातडं ओलं केलं, वाकू नये त्या जागी पट्टी दाबून ठेवली आणि झोपले. सकाळी पट्टीखाली काळीकुट्ट रेघ! लिंबू चोळलं, फिकटली, गेली नाही.

तुकडा घेऊन बाजारातल्या चांभारकाकांकडे गेले. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "लोखंड लागलं जी ताई. आता पुरी काळीच करा."

गंजके खिळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकले. झाकण सैल ठेवलं, कारण आत वायू तयार होतो. दहा दिवसांनी ते पाणी गाळून फडक्यानं कातड्यावर फिरवलं. आधी राखाडी, मग जांभळट, आणि चहा गाळून येईपर्यंत काळं. रंग चढवलेलाच नव्हता. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड यांची गाठ पडली होती. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच नात्यातली. कलमकारीच्या कापडावरची काळी रेघही हिरडा आणि गुळात आंबवलेलं लोखंड यांचीच. सुरजागडच्या खनिजाचे ट्रक रस्त्यानं जाताना पाहते, पण लोखंडाचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता. मग खात्री करायला, एका दुकानानं 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या जुन्या तुकड्यावर तेच पाणी टाकलं. तो ढिम्म. बहुधा क्रोमियमनं कमावलेला. पर्सच्या कातड्यात उरलेलं आम्ल मारायला खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, धुतलं, सावलीत वाळवलं, तेल दिलं.

शिवण हा खरा कस. चार मिलिमीटरवर एक भोक, म्हणजे पुढच्या बाजूला सुमारे 195, मागच्या बाजूला तितकीच. दोरा शिवणीच्या चौपट, मेणातून ओढलेला. त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जायच्या. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसली की संपलं, मागे फिरा. मशीनच्या शिवणीत एक धागा तुटला की शेजारचे टाके सुटू लागतात. इथे एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. पहिल्या संध्याकाळी माझे अठरा टाके झाले, त्यातले सहा उसवले. करंगळीला दोऱ्यानं कापलं.

जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्रादानं कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. इकडे मैत्रिणी माझं 'हँडमेड' म्हणून कौतुक करतात. पिढ्यानपिढ्या हेच करणाऱ्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. त्यांच्या वाट्याला तो शब्द कधी आला नाही. हे मनात येतं आणि सुई थोडी जड होते.

काठ तासले, ओले करून लाकडानं घोटले, मेण चोळलं. बक्कल पितळी घेतलं. लोखंडाची धास्ती बसली होती.

पर्स काकांना दाखवली. त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ताणला, पर्स उलटी केली आणि आरीचं टोक एका टाक्यावर बोट ठेवावं तसं टेकवलं. "हा सैल आहे जी." आणि मग, "ते खिळ्याचं पानी उरलं का?"

अर्धी बाटली उरली होती. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्यांनी ती पॉलिशच्या डब्यांमागे, सावलीत ठेवली.