‘शिका आणि इथंच राहा’ म्हणणारा देश

गेलं वर्षभर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मराठी घरांत एकच विषय आहे: कुणाचं परमिट कधी संपतंय. किचनर, ब्रॅम्प्टन, मिसिसागाच्या बेसमेंटमधून राहणारी नाशिक, सांगली, अमरावतीकडची मुलं पलंग-टेबलं विकायला काढताहेत. इथल्या कॉलेजात शिकली, इथं नोकरी केली, कर भरला, आणि आता शिक्षणानंतरचं तीन वर्षांचं वर्क परमिट संपलं म्हणून परत निघालीत. कागदोपत्री यात काही चुकीचं नाही. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, हे पहिल्यापासून ठाऊक असतं. तरीही मला संताप येतो. तो ज्या देशानं मला घर दिलं त्याच्यावरचा आहे, म्हणून कारणं देऊन मांडते.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात. २००५ साली टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकुव्हर वगळून इतरत्र शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायची मुभा मिळाली, पण त्यासाठी आधी हातात नोकरी हवी आणि तीही शिकलेल्या विषयातली. २१ एप्रिल २००८ रोजी हार्पर सरकारच्या इमिग्रेशन मंत्री डायन फिन्ली यांनी ती अट काढून टाकली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला की तीन वर्षांचं खुलं परमिट. देशात कुठंही, कुणाकडेही काम करा. त्याच सप्टेंबरात ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास’ सुरू झाला आणि इथल्या कामाच्या अनुभवावर पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळू लागला. शिक्षण, परमिट, पीआर असा सरळ रस्ता तयार झाला. मी त्याच रस्त्यानं नाशिकहून आले आणि इथली झाले. पुढची काही वर्षं त्यात सांगण्यासारखं विशेष घडलं नाही.

खरी गोष्ट आहे २०१५ ते २०२४ या दशकाची. ते मी जवळून पाहिलं. नव्यानं आलेल्या मुलांचे फॉर्म भरून देणं, भाड्याच्या खोल्या शोधून देणं, कुणी रडत फोन केला तर ऐकून घेणं, यात माझी कितीतरी शनिवार-रविवारची सुट्टी गेली.

जानेवारी २०१५ मध्ये ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ आली. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांचे गुण मोजायचे आणि वरच्यांना बोलवायचं. त्यात सरकारी मंजुरी असलेल्या नोकरीला ६०० गुण ठेवले. खुल्या परमिटवर काम करणाऱ्या मुलांना अशा मंजुरीची गरजच नव्हती, त्यामुळे त्यांच्या मालकांनी ती कधी घेतलेलीच नव्हती. ही मुलं रांगेत मागे पडली. पुढच्या वर्षी मंत्री जॉन मॅक्कॅलम यांनीच मान्य केलं की या पद्धतीत परदेशी विद्यार्थ्यांवर अन्याय होतोय, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅनडातल्या शिक्षणाला वेगळे गुण दिले. ती दुरुस्ती मला आजही आठवते, कारण चूक दिसल्यावर सरकार ती सुधारतं असा विश्वास तेव्हा वाटला होता.

त्यानंतर कॉलेजांचं गणित बदललं. जानेवारी २०१९ मध्ये डग फोर्ड यांच्या प्रांतिक सरकारनं स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्के कमी केली आणि मग गोठवून ठेवली. सरकारी अनुदान आधीच तुटपुंजं होतं. खड्डा भरायला परदेशी विद्यार्थी होतेच, कारण त्यांच्या फीवर मर्यादा नव्हती. २०२१ साली ऑन्टॅरिओच्या महालेखापरीक्षकांनी आकडा मांडला: सार्वजनिक कॉलेजांत परदेशी विद्यार्थी ३० टक्के, पण फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. त्या परदेशी विद्यार्थ्यांतले बहुसंख्य भारतीय. म्हणजे या प्रांताच्या मुलांचं स्वस्त शिक्षण लुधियानाच्या शेतावर आणि सिन्नरच्या प्लॉटवर काढलेल्या कर्जातून चाललं होतं.

त्यातही सगळ्यात वाईट होती ती कॉलेजांची भागीदारी. उत्तरेकडच्या दूरच्या गावातलं सरकारी कॉलेज आपला अभ्यासक्रम टोरांटो परिसरातल्या खासगी संस्थेला चालवायला देई. मुलं मॉलशेजारच्या इमारतीत शिकत आणि प्रमाणपत्रावर नाव सरकारी कॉलेजचं येई. अशा खासगी संस्थेच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर हे परमिट मिळालं नसतं. सरकारी नावामुळं मिळे. विकला जात होता तो परमिटचा हक्क. हे बंद करा, असा सल्ला २०१७ मध्येच प्रांताला तज्ज्ञाच्या अहवालातून मिळाला होता. फोर्ड सरकारनं उलट वाट मोकळी केली. ऑगस्ट २०२३ मध्ये टिमिन्सच्या नॉर्दर्न कॉलेजनं अशा भागीदारीतले सुमारे ५०० प्रवेश ऐनवेळी रद्द केले, तेव्हा अनेकांची विमानाची तिकिटंही काढून झाली होती.

आणि केंद्र सरकार काय सांगत होतं? जानेवारी २०२१ मध्ये इमिग्रेशन मंत्री मार्को मेंडिसिनो यांनी परदेशी विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगितलं की तुम्ही इथं फक्त शिकावं असं नाही, तुम्ही इथंच राहावं अशी आमची इच्छा आहे. १३ फेब्रुवारीला एक्स्प्रेस एन्ट्रीचा कटऑफ ७५ गुणांवर आला आणि एका दिवसात २७,३३२ जणांना बोलावणं गेलं. मे महिन्यात पदवीधरांसाठी ४० हजार जागांची खास योजना उघडली. ती दुसऱ्याच दिवशी भरली. ही बातमी पुण्या-नाशिकच्या प्रत्येक कन्सल्टन्सीच्या काचेवर लागली. ‘कॅनडात पीआर नक्की’ हे वाक्य ऐकून आई-वडिलांनी घरं तारण ठेवली.

पण त्याच सप्टेंबरनंतर कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासचे ड्रॉ, म्हणजे बोलावणं पाठवायच्या फेऱ्या, थांबले. जुलै २०२२ मध्ये सर्वांसाठी ड्रॉ पुन्हा सुरू झाला तेव्हा कटऑफ होता ५५७. दीड वर्षापूर्वीचे ७५ आणि हे ५५७! मधल्या काळात ज्यांची परमिटं संपत होती त्यांना अठरा महिन्यांची मुदतवाढ दिली, पुढच्या वर्षी पुन्हा दिली, आणि २०२३ संपताच ती सवलतही संपवली. एक मुलगी मला म्हणाली, “ताई, माझ्या आधीच्या बॅचचे माझ्याएवढेच मार्क होते. त्यांचं झालं. माझ्यात काय कमी आहे?” तिच्यात काहीही कमी नव्हतं. दार उघडलं तेव्हा ती अजून शिकत होती, एवढंच.

२०२३ अखेर देशातल्या विद्यार्थी परमिटांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला. किचनरच्या एकट्या कोनेस्टोगा कॉलेजच्या वाट्याला त्या वर्षी ३० हजारांहून अधिक परमिटं होती. घरभाडी भडकली आणि दोष मुलांच्या माथी आला. एका खोलीत पाच-पाच गाद्या टाकून भाडं घेणाऱ्यांत आपली माणसंही होती, हे मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी बोलत नाही; बोलायला हवं. कमिशन खाणारे एजंट नामानिराळे राहिले. शिक्षा एकाच पक्षाला झाली.

२२ जानेवारी २०२४ रोजी मंत्री मार्क मिलर यांनी संख्येवर मर्यादा घातली आणि भागीदारीतल्या अभ्यासक्रमांचं परमिट बंद केलं. ते योग्यच होतं, फक्त सात वर्षं उशिरा. मास्टर्सवाल्यांना अभ्यासक्रम लहान असला तरी तीन वर्षांचं परमिट मिळू लागलं, हेही चांगलं झालं. मात्र १ नोव्हेंबरपासून भाषेची परीक्षा सक्तीची झाली, आधीपासून शिकत असलेल्यांनाही. नव्यानं येणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी विषयांची यादी आली. त्या यादीचं पुढं काय झालं पाहा: २५ जून २०२५ला १७८ अभ्यासक्रम वगळले, ११९ घातले, आणि जुलैच्या सुरुवातीला वगळलेले तात्पुरते परत घेतले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडणाऱ्या मुलानं कोणत्या यादीवर विसंबायचं? दरम्यान, २०२५ साठी जाहीर केलेल्या पाच लाख पीआरच्या जागा ३ लाख ९५ हजारांवर आणल्या. परमिट हातात असलेल्यांना खरा फटका या कपातीनं दिला.

किती माणसं घ्यायची हे ठरवायचा प्रत्येक देशाला अधिकार आहे, आणि संख्या हाताबाहेर गेली होती हे मीही मानते. प्रश्न आहे हिशेबाचा. दहा वर्षं फी घेऊन कॉलेजांनी इमारती बांधल्या, प्रांतानं अनुदान वाचवलं, वेअरहाऊस आणि वृद्धाश्रमांना रात्रपाळीला माणसं मिळाली. धोरण बदलल्यावर त्याची किंमत मात्र सव्वीस वर्षांच्या मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी भरायची, हे मला मान्य नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. विद्यार्थ्यानं ज्या दिवशी फी भरली त्या दिवशीचे परमिटचे नियम त्याला शेवटपर्यंत लागू राहावेत, आणि ते प्रवेशपत्रावरच छापलेले असावेत. पीआरची हमी नसेल तर तेही तिथंच ठळक अक्षरांत लिहावं. बोलावणाऱ्या मंत्र्यांच्या निमंत्रणावर जी मुलं आली आणि ज्यांची परमिटं आज संपताहेत, त्यांच्यासाठी २०२१सारखी एक वेळची योजना परत आणावी. पैसे नसल्यामुळे ती अडलेली नाही. ती आणण्याइतकी लाज सरकारला वाटायला हवी.