कोरी वही आणि मोहरीचा दाणा

वरळीतल्या एका चर्चच्या आवारात भरणाऱ्या बालवर्गाच्या पालकसभेस मला बोलावले होते. ‘बालवयातील विज्ञान’ असा विषय होता. भाषण संपल्यावर एक पालक उठले. त्यांच्या हातात मुलाची वही होती. ती त्यांनी सर्वांना उघडून दाखवली. ‘‘तीन महिने झाले, वही कोरीच आहे. शेजारच्या शाळेतली मुलं शंभरपर्यंत लिहितात. आमची मुलं प्रार्थना म्हणतात, ठोकळे रचतात, खाऊ खातात आणि घरी येतात. मग ती शिकतात केव्हा?’’

सभेतील बऱ्याच माना डोलल्या. ठोकळ्यांचा अर्धा तास बंद करून तेथे लेखनाचा तास घालावा, अशी मागणी पुढे आली. शाळेच्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाने उत्तर येत नसेल तर निरीक्षण करावे, म्हणून मी आठवडाभर वर्गात मागे बसण्याची परवानगी मागितली. निर्णय पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर पडला. त्या आठवड्यात जे दिसले ते येथे मांडते आहे.

घंटा आणि शांतता

वर्गात साधारण तीस मुले. काही ख्रिस्ती, बरीचशी हिंदू, काही मुसलमान व बौद्ध. घरी बहुतेकांची मराठी, वर्गात निम्मी इंग्रजी. सकाळी छोटी प्रार्थना होते. त्यानंतर टीचर पितळी घंटी एकदा वाजवतात आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत सर्वांनी गप्प राहायचे असते. नाद संपला असे ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा.

हा प्रार्थनेचा भाग म्हणून केला जातो. पण त्यात आणखी काय आहे ते पाहा. मूल एका मंद होत जाणाऱ्या ध्वनीवर लक्ष धरून ठेवते आणि बोलण्याची ऊर्मी आवरते. ऊर्मी आवरणे, सूचना ध्यानात ठेवणे आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे या तीन क्षमता तीन ते सहा या वयात झपाट्याने वाढतात. मेंदूच्या पुढच्या भागाची जडणघडण त्यांच्याशी निगडित आहे. पुढे गणिताचे उदाहरण मध्येच न सोडता पूर्ण करणे याच क्षमतांवर अवलंबून असते. सोमवारी चार-पाच मुले मध्येच बोलत. शुक्रवारी एक मुलगा स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात घट्ट धरून बसला होता. तो शिकत होता.

खाऊच्या बशा

दहा वाजता खाऊ. रोज दोन मुलांची पाळी. त्यांनी प्रत्येकासमोर एक बशी ठेवायची. एका मुलीने बशा मोजून घेतल्या नाहीत; वाटत गेली. शेवटी तीन मुले उरली आणि बशा संपल्या. ती टीचरांकडे जाऊन म्हणाली, ‘‘टीचर, तीन पाहिजेत.’’ टीचरांनी तीन बशा दिल्या नाहीत. ‘‘तूच घेऊन ये’’ म्हणाल्या.

रॉचेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या संख्याज्ञानावर एक पुस्तक लिहिले. मोजणे म्हणजे पाच तत्त्वे एकत्र वापरणे, असे त्यांनी दाखवले. एका वस्तूला एकच शब्द लावायचा. शब्दांचा क्रम बदलायचा नाही. शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. वस्तू कोणत्याही चालतात. आणि मोजणीला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येते. ‘एक ते शंभर’ पाठ म्हणणाऱ्या मुलाला यांपैकी फक्त दुसरे तत्त्व येत असते. बशा आणणाऱ्या मुलीने पहिली तीन तत्त्वे एका फेरीत वापरली. वहीत मात्र यातले काही उमटत नाही.

आपल्या भाषेची आणखी एक अडचण आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. ‘एकोणतीस’ मध्ये तर तीसमधून एक वजा करावा लागतो. म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली आणि त्यावर मोठा वादही झाला. वादाचा निकाल काहीही लागो, संख्या हातात नसताना तिचे नाव व चिन्ह एकदम लादले की मुलाचा गोंधळ होतो, ही मूळ अडचण खरी आहे.

ठोकळे कोठून आले?

ज्या ठोकळ्यांवर पालकांचा राग होता त्यांचा इतिहास सांगण्यासारखा आहे. बालोद्यान ही कल्पना मांडणारा फ्रीडरिश फ्रॉबेल (१७८२–१८५२) हा जर्मनीतील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. १८१४ ते १८१६ या काळात तो बर्लिनमध्ये वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिज संग्रहालयात काम करत होता. स्फटिकांचे पृष्ठभाग, कडा, कोन यांत त्याला एक नियम दिसला. साध्या आकारांतून गुंतागुंतीचे आकार कसे घडतात हे त्याने दगडांत पाहिले आणि पुढे ते मुलांच्या हाती दिले. त्याची पहिली देणगी लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन. तिसरी म्हणजे आठ लहान घनांत सुटणारा एक मोठा घन. हा घन उघडला की अर्धा, पाव, आठवा भाग मुलाच्या हातात येतो. आणि दोनचा घन आठ हेही.

१८४० साली त्याने आपल्या संस्थेस ‘मुलांची बाग’ या अर्थाचे नाव दिले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या शाळांवर नास्तिकतेचा आरोप ठेवून बंदी घातली. मुलाच्या वाढीत ईश्वराचा नियम पाहणाऱ्या माणसावर हा आरोप आला! बंदी उठली १८६० मध्ये. तोवर फ्रॉबेल हयात नव्हता.

मराठी मुलखाशी या पद्धतीचा संबंध जुना आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांनी फिलाडेल्फियात राहून फ्रॉबेलच्या पद्धतीचे शिक्षण घेतले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे तेव्हा ठरले होते. पुढे ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले आणि नंतर बोर्डी–कोसबाडला ‘अंगणवाडी’ उभी केली. गिरगाव चौपाटी, दादर आणि वरळी एकाच शहरात आहेत. आपण मात्र बालशिक्षण परक्या देशातून काल आले असे समजतो.

एक गोष्ट तर गणिताच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मद्रासमध्ये १८९३ साली टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. बालवर्गातील कागदाच्या घड्यांवरूनच ही कल्पना सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि १९०१ साली त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. वरळीच्या वर्गात मुले त्याच घड्या घालून होडी करत होती.

पाणी ओतण्याचा खेळ

बुधवारी पाण्याचा खेळ होता. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी. त्यातल्या एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद बाटलीत ओतले. ‘‘आता कशात जास्त?’’ ‘‘बाटलीत!’’ वर्ग एकमुखाने ओरडला. जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा हा प्रसिद्ध प्रयोग. सहा-सात वर्षांच्या आतील बहुतेक मुले उंची पाहतात, रुंदी पाहत नाहीत. टीचरांनी ‘चूक’ म्हटले नाही. पाणी परत पेल्यात ओतायला सांगितले.

येथे एक सावधगिरी हवी. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की आधीचे उत्तर चुकले असेल असे मुलाला वाटते. १९७० च्या दशकात मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी मण्यांच्या रांगांवर असाच प्रयोग केला; पण त्यात रांग मोठ्या माणसाने न विस्कटता एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने विस्कटली. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी ‘दोन्हीकडे सारखेच’ असे सांगितले. थोडक्यात, मुलाचे उत्तर त्याच्या समजेवर अवलंबून असते तसेच आपल्या विचारण्याच्या पद्धतीवरही.

मोहरीचा दाणा

गोष्टीच्या तासाला बायबलमधल्या कथा असतात. नोहाच्या तारवात प्राणी जोडीजोडीने चढतात, त्यातून मुले दोनदोनने मोजतात. त्या आठवड्यात मोहरीच्या दाण्याचा दाखला होता: सर्वांत लहान बी, पण त्याचे झाड एवढे मोठे की पाखरे येऊन बसतात. गोष्ट झाल्यावर टीचरांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक दाणा ठेवला. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. दोघांचे दाणे फरशीवर सांडले ते सापडलेच नाहीत.

मग ओल्या कापसावर मोहरी पेरून एक वाटी खिडकीत ठेवली, एक कपाटात. तिसरीत पाणी घातले नाही. दोन दिवसांनी कोंब आले. शुक्रवारी कपाट उघडले, तर आतली रोपे खिडकीतल्या रोपांपेक्षा उंच! ‘‘अंधारात जास्त वाढतं!’’ एका मुलाने जाहीर केले. टीचर गोंधळल्या. मधल्या सुटीत मला हळूच म्हणाल्या, ‘‘मॅडम, उजेड लागतो असं पुस्तकात आहे ना? प्रयोग फसला का?’’

प्रयोग फसला नव्हता. बियांत साठवलेले अन्न असते. त्यावर पहिले काही दिवस निघतात, उजेड असो वा नसो. जमिनीखाली उगवलेल्या कोंबाने आधी उजेडापर्यंत पोहोचायला हवे. म्हणून अंधारात तो सारा साठा खोड लांबवण्यात खर्च करतो. पाने लहान राहतात, हरितद्रव्य तयार होत नाही, रंग पिवळट दिसतो. उजेड लागताच खोडाची धाव थांबते आणि पाने पसरू लागतात. कपाटातले रोप उंच आहे, पण साठा संपला की मरणार. हे सांगण्याऐवजी आम्ही मुलांना दोन्ही वाट्या शेजारी ठेवून विचारले, ‘‘दोघांत काय काय वेगळं आहे?’’ उत्तरे आली: हे पिवळं, हे हिरवं, हे वाकडं, ह्याचं पान छोटं. एक मुलगी म्हणाली, ‘‘ते आजारी आहे.’’ उंची म्हणजेच वाढ नव्हे, हे तिने स्वतः पाहिले होते.

मला त्या क्षणी ती कोरी वही आठवली.

मग लिहायचे केव्हा?

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सर्व कूर्चेची असतात आणि एकेक करून पक्की होतात. तीन वर्षांच्या सुमारास साधारण तीन हाडे पक्की झालेली असतात. शेवटचे हाड आठ ते बारा या वयात. मुलामुलांत यात फरक असतो आणि लेखन केवळ हाडांवर ठरत नाही. बोटांच्या स्नायूंवरील ताबा अधिक महत्त्वाचा. हा ताबा माती मळून, मणी ओवून, घडी घालून, बाटलीचे झाकण फिरवून येतो. त्याआधी पेन्सिल दिली तर मूल ती मुठीत आवळते आणि ती सवय नंतर मोडावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलँटी येथे १९६२ पासून १२३ गरीब मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून ५८ मुलांना खेळ व कृतींवर आधारलेली बालशाळा मिळाली, ६५ जणांना नाही. बुद्ध्यंकातील सुरुवातीचा फायदा काही वर्षांत विरून गेला. पण चाळिशीत पाहिले तेव्हा बालशाळेत गेलेल्यांची कमाई अधिक होती व गुन्ह्यांतील अटका कमी. अभ्यास लहान आहे, एका गावातला आहे. त्यावरून सर्व जगाबद्दल बोलू नये. पण बालवर्गाचे फळ पुढच्या परीक्षेत मोजायचे नसते, एवढे तो निश्चित सांगतो.

पुढची सभा

पुढच्या सभेत मी भाषण केले नाही. दोन वाट्या टेबलावर ठेवल्या. एव्हाना कपाटातली रोपे लोळली होती. टीचरांनी एक नवी वही दाखवली. ती मुलांची नव्हती, त्यांची स्वतःची होती. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर तारीख आणि एक ओळ. ‘बशा मोजून आणल्या.’ ‘नाद संपेपर्यंत थांबला.’ ‘दोन अर्धे मिळून एक, हे ठोकळ्यांत दाखवले.’

तक्रार करणाऱ्या पालकांनी आपल्या मुलाचे पान काढून दोनदा वाचले. ठोकळ्यांचा तास राहिला. मात्र त्यांचा आग्रहही सोडून देता आला नाही. मोठ्या शिशुवर्गासाठी आठवड्यातून दोनदा रेघा व अक्षरांचा वेळ ठरला. ते मला योग्य वाटले. पहिलीच्या दारात मुलगा मागे पडेल ही भीती खोटी नाही. चाळीत वाढणाऱ्या मुलाच्या बापाला ती अधिकच जाणवते.

आपल्या शाळेला जोडून बालवर्ग असेल तर शिक्षकमित्रांनी अशी एक वही जरूर घालावी. रोज तीनच मुलांची नोंद, प्रत्येकी एक ओळ. ‘हुशार’, ‘खोडकर’ असे शब्द टाळावेत. मुलाने काय केले तेवढेच लिहावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी मोहरीचा प्रयोग करून दोन्ही वाट्यांतील रोपांची उंची व पानांची रुंदी रोज मोजावी आणि आलेख काढावा. कोणत्या दिवशी उंचीचा आलेख आपल्याला फसवतो, ते त्यांचे त्यांनाच सापडेल.