पाहुणा गवई आणि वाडीतला शाहीर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून वर शहरात आलं की गाणं ऐकायला तोटा नाही. ‘खल्वायन’ दर महिन्याला संगीत सभा भरवते, ‘आर्ट सर्कल’चा महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात रंगतो. १९९८ साली कोकण रेल्वे सलग धावू लागली आणि मुंबईच्या कलावंतांना रत्नागिरी जवळ आली. मैफलीची भूक भागते. पण मैफल ऐकणं वेगळं आणि कलावंताच्या पुढ्यात बसून ‘ही जागा तुम्ही कशी घेतलीत?’ असं विचारणं वेगळं. शिकणाऱ्या मुलांना हे दुसरं सुख कधी, कुणामुळे मिळालं याचा माग काढू लागलं की शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे १९०८ साली मुंबईत. गाणं उस्तादांच्या घरातून वर्गात आलं. आज रत्नागिरीतली मुलगी प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देते ती याच परंपरेतली. साध्या घरांतल्या मुलामुलींना हे दार उघडलं, त्याचं मोल फार मोठं आहे. अडचण एवढीच की वर्गात एकच गुरुजी असतात आणि एकच वळण. दुसऱ्या घराण्याचा आवाज मुलांच्या कानावर पडायचा कसा?

उत्तर पलुस्करांच्याच शिष्याने दिलं. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू केलं. गिरगावात, ऑपेरा हाउसच्या परिसरातल्या या शाळेत नाना घराण्यांच्या गवयांचा राबता होता. देवधरांना ग्वाल्हेरची तालीम मिळालेली, पण त्यांनी इतरांसाठी कान बंद केले नाहीत. येणाऱ्याला ते गायला लावत, प्रश्न विचारत, त्याची तालीम कशी झाली ते समजून घेत. त्यातूनच ‘थोर संगीतकार’सारखं पुस्तक उभं राहिलं. दहा-अकरा वर्षांचे कुमार गंधर्व या शाळेत आले ते १९३०च्या दशकात. पुढे त्यांच्या गाण्यात जो मोकळेपणा आला, त्याच्या मुळाशी लहानपणी कानावरून गेलेले हे नाना आवाज असणार, असं मला मनापासून वाटतं.

देवधरांची मला सगळ्यात भावलेली गोष्ट सिंदे खाँची. हा गवई फकिरासारखा राहायचा, वागणं विक्षिप्त. प्रतिष्ठित मंडळी त्याला चार हात लांबच ठेवत. देवधरांनी मात्र त्याला मानाने बसवलं आणि त्याच्याकडून बंदिशी घेतल्या. पाहुणा निवडताना त्यांनी कपडे आणि कीर्ती पाहिली नाही, त्याच्याजवळ काय आहे ते पाहिलं.

याच देवधरांकडे अशोक रानडे शिकले. १९६८ साली ते मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक झाले. रानड्यांनी सप्रयोग व्याख्यानाला महाराष्ट्रात खरी प्रतिष्ठा दिली. गायक गातोय, मध्येच थांबून त्यातलं तत्त्व उलगडतोय, पुन्हा गाणं सुरू होतंय. पुढे ‘देवगाणी’ आणि ‘बैठकीची लावणी’ असे त्यांचे कार्यक्रम ऐकलेली माणसं ते अजून आठवतात. त्याहून मोठं काम त्यांच्या विचारात होतं. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मांडताना त्यांनी एकीला वर आणि दुसरीला खाली बसवलं नाही. प्रत्येकीचे नियम वेगळे आणि अभ्यासाला तितकेच योग्य, हे त्यांनी ठामपणे सांगितलं.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीत किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ची चळवळ सुरू केली आणि थोर कलावंत देशभरच्या महाविद्यालयांत मुलांसमोर बसले. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७चं, गुरुकुलाच्या धर्तीचं. मुंबई विद्यापीठात पुढे लोककला अकादमी आली, प्रकाश खांडगे यांनी ती उभी केली आणि लोककलावंत विद्यापीठात शिकवायला आले. देवधरांनी सिंदे खाँना जी जागा दिली, ती आता संस्थेच्या दारातून मिळू लागली.

मिरकरवाड्यातली मुलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात जातात. ते १९४५चं, मुंबई विद्यापीठाशीच संलग्न. म्हणजे रानड्यांचा हा वारसा हक्काने त्यांचाही आहे. आपल्याकडे महाविद्यालयांत पाहुणा म्हटला की डोळ्यांसमोर अजूनही तंबोरे आणि मुंबईहून आलेला गवई येतो. तो यावाच, वारंवार यावा. पण रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून जाखडी रंगते, शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकतात. मध्ये गाणारे आणि ढोलकी-झांजवाले, भोवती पायात चाळ बांधलेल्यांचं रिंगण. चाकरमान्यांनी हाच शक्ती-तुरा परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत नेला. यातला शाहीर समोरच्याच्या सवालाला गाण्यातून जवाब देतो, चाल न सोडता. ही तयारी कशी होते, गुरू शिष्याला पहिलं काय शिकवतो, पुराणकथेतलं कोडं रचायचं कसं, हे त्याच्या पुढ्यात बसूनच कळेल.

अशा भेटीला वेळही जुळून येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि महाविद्यालयं नुकती उघडलेली असतात. गणपती अजून लांब असतात, शाहिराच्याही तालमी सुरू व्हायच्या असतात. त्या दिवसांत चार दिवसांची कार्यशाळा घ्यावी. सकाळी रागगायक, दुपारी शाहीर. दोघांनी एकमेकांचं ऐकावं, मुलांनी दोघांना प्रश्न विचारावेत. आणि पत्रिकेत दोघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीत, मानधनाची पाकिटंही सारखीच असावीत.