रिम ब्रेकच्या आवाजाचे निदान

सायकलच्या रिमला दोन्ही अंगांनी रबर दाबून चाक थांबवणारे ब्रेक आवाज करू लागले, की वायर ताणून ते घट्ट करण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु आवाजाचे मूळ वायरीत क्वचितच असते, आणि म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी आवाज कोणत्या जातीचा आहे हे नीट ऐकणे, हाच निदानाचा खरा आरंभ होय.

उंच पट्टीची किंकाळी घर्षणाच्या एका गुणधर्मातून उद्भवते. स्थिर पृष्ठभागांतील घर्षण सरकत्या पृष्ठभागांतील घर्षणापेक्षा अधिक असल्याने रबर क्षणभर रिमला चिकटून तिच्यासोबत ओढले जाते, ताण वाढताच सुटून मागे येते, आणि ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडली की ब्रेकचे संपूर्ण हात कंप पावतात. फळ्यावर खडू याच कारणाने किंचाळतो आणि कोन बदलताच गप्प होतो. रबराचे पुढचे टोक रिमला आधी टेकेल आणि मागचे सुमारे १ मिलिमीटर दूर राहील, अशी तिरकस ठेवण दिली, तर ही किंकाळी बहुधा थांबते; त्यासाठी मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी धरून, ब्रेक दाबलेला ठेवूनच नट आवळावा. जुन्या काळ्या सायकलींच्या रॉड ब्रेकला हा उपाय लागू नाही, कारण तेथे रबर रिमच्या बाजूंवर नव्हे, तर स्पोककडच्या आतल्या अंगावर दाबले जाते.

अर्थात, रिमवर तेलाचा थर असेल तर कोन बदलून काहीच साधत नाही. ती आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसावी, आणि आवाज घालवण्यासाठी तेल तर कधीच सोडू नये, कारण त्याने ब्रेकच निकामी होतो.

खोल, थरथरता घरघराट निराळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली असता हँडलखालच्या सांध्यात खटखट जाणवली, तर दोष ब्रेकचा नसून तेथील सैल पडलेल्या छऱ्यांच्या कपांचा असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच होणारी टकटक रिमचा जोड किंवा पोचा दाखवते.

सर्वांत गंभीर आवाज खरखरीचा. रबरात रुतलेले वाळूचे कण आणि ॲल्युमिनियमचे कपचे रिम अक्षरशः तासत असतात. ते सुईने उपटून रबर पॉलिश पेपरवर घासावे, आणि रिमच्या बाजूवर सरळ पट्टी टेकवून पाहावी. पट्टीखाली स्पष्ट पोकळी दिसली, तर भिंत झिजून पातळ झालेली असते, टायरमधील हवेच्या दाबाने ती फाटू शकते, आणि अशी रिम तत्काळ बदलावीच लागते.