चिपीचे विमान आणि केबिनमधली हवा

प्रवासी विमानात हवेतून पसरणाऱ्या आजारांचा धोका प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर सारखा नसतो. जेट विमान आकाशात असताना केबिनमधली हवा तासाला साधारण 20 ते 30 वेळा बदलते. बाहेरची हवा बहुतेक विमानांत इंजिनाच्या काँप्रेसरमधून घेतली जाते. तिथे ती दाबाने इतकी तापते की जंतू तगत नाहीत. मग ती थंड करून आत सोडतात. तिच्यात जवळपास तेवढीच केबिनमधली हवा गाळून मिसळलेली असते. हे गाळण्याचे काम हेपा फिल्टरचे. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण तो अडवतो. विषाणू याहून बारीक असतो खरा, पण तो बहुधा श्वासाच्या तुषारात बसून येतो. शिवाय अतिसूक्ष्म कण सरळ जात नाहीत. ते भरकटत तंतूंना चिकटतात. ताजी हवा वरून येते आणि पायांजवळच्या जाळ्यांतून निघून जाते, त्यामुळे ती विमानाच्या लांबीने फारशी न वाहता काही रांगांपुरतीच फिरते. निदान आराखड्यात तरी. माणसे उठली, सामान काढू लागली, ट्रॉली फिरली की हा प्रवाह विस्कटतो.

सिंधुदुर्गातल्या धामापूरकराला विमान गाठायचे तर कर्ली नदी ओलांडून वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे-चिपीला जावे लागते. 9 ऑक्टोबर 2021 रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआर 72-600 या पंख्याच्या विमानाने. सुमारे 70 आसने, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि प्रवाशांचे दार मागच्या अंगाला. जमिनीवर उभे असताना वीज आणि हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन या विमानाला नसते. त्याऐवजी उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने अडवून धरता येतो. वैमानिक याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. पंखा थांबलेला आणि इंजिन मात्र घरघरते आहे, हे पाहून नवखा प्रवासी बिचकतो. पण चढ-उतार चालू असताना केबिनमध्ये हवा खेळती राहते ती त्याच इंजिनामुळे. ते बंद असेल आणि बाहेरूनही पुरवठा जोडलेला नसेल, तर दारातून येईल तेवढीच हवा. हेपा फिल्टर मोठ्या जेट विमानांत सर्रास आढळतो; छोट्या विमानात तो असेलच असे धरून चालू नये.

जमिनीवरचा हा वेळच सर्वांत नाजूक. मार्च 1977 मध्ये अलास्कातल्या होमर येथे एक जेट विमान इंजिनाच्या बिघाडाने कित्येक तास खोळंबले. त्यातला बराच काळ वायुवीजन बंद होते आणि आत इन्फ्लुएंझाची एक रुग्ण होती. विमानातल्या 54 जणांपैकी 72 टक्के लोक पुढच्या तीन दिवसांत आजारी पडले.

उडत्या विमानातही संसर्ग होतोच. 15 मार्च 2003 रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानातल्या सार्सच्या एका रुग्णानंतर 22 जणांना तो आजार झाला, आणि त्यांतले काही त्याच्यापासून बऱ्याच रांगा दूर बसले होते. दोन रांगा पुढे, दोन रांगा मागे हा संपर्क शोधण्याचा रूढ हिशेब तिथे अपुरा पडला. 1 मार्च 2020 च्या लंडन-हनोई विमानात खोकत बसलेल्या एका प्रवाशामुळे 15 जणांना कोविड झाला असावा, असे तपासात दिसले. त्यांतले 12 त्याच्याच बिझनेस क्लासमधले होते. मास्कची सक्ती तेव्हा नव्हती.

भारतात वाद रंगला तो मधल्या आसनावर. ते रिकामे ठेवावे असे विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएचे 23 मार्च 2020 चे परिपत्रक सांगत होते. परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेच्या विमानांत ते पाळले जात नाही, अशी तक्रार घेऊन एअर इंडियाचाच एक वैमानिक मुंबई उच्च न्यायालयात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आले आणि 15 जून 2020 रोजी उच्च न्यायालयाने मधल्या आसनावर प्रवासी बसवण्यास मुभा दिली. आसन रिकामे ठेवता आले नाही तर तिथल्या प्रवाशाला मास्क आणि फेस शील्डखेरीज अंगभर गाऊन द्यायचा होता. गाऊनने स्पर्श टळतो. शेजाऱ्याच्या श्वासातून येणारा विषाणू गाऊनने काय अडणार? त्या पोशाखात खरे काम मास्कचेच होते. एटीआरमध्ये मधले आसनच नाही, त्यामुळे चिपीच्या प्रवाशापुरता हा वाद उद्भवत नाही. शेजारी मात्र खांद्याला खांदा लावूनच असतो.

मुंबई-मालवण रात्रभर धावणाऱ्या बंद वातानुकूलित बसमध्ये बरीचशी तीच हवा थंड होऊन फिरत राहते आणि हेपा फिल्टर नसतो. त्या मानाने सव्वा तासाच्या आसपासचे उड्डाण कमी जोखमीचे. सुरक्षातपासणीची रांग, विमानाच्या अरुंद वाटेतली खोळंबा-खोळंबी आणि उतरताना एकदमच उभी राहणारी गर्दी, मास्क लावायचा तो इथे. डोक्यावरची हवेची तोटी चालू ठेवणेही हिताचे.

क्षयरोगाचा नियम वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सहप्रवाशांचा शोध घ्यायचा तो आठ तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासात. चिपी-मुंबई त्यात बसत नाही. मात्र ज्याच्यापासून संसर्ग होऊ शकतो अशा क्षयरुग्णाने, उड्डाण कितीही छोटे असो, प्रवासी विमानात चढू नये, असे त्याच सूचना सांगतात.